पाय आधी, कान नंतर

नवीन नर्सला पहिल्या पगारातून काय घ्यावंसं वाटतं, तर स्टेथोस्कोप. साहजिक आहे. तो गळ्यात घातला की आरशात बघताना आपण खरंच कुणीतरी झालोय असं वाटतं, घरचे फोटो काढतात, फोटो स्टेटसला जातो, गावाकडचे काका-मामा खाली हात जोडलेले इमोजी टाकतात. माझं मत विचाराल तर तो सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी बूट. मग बाकीचं. आणि काही गोष्टी तर आपल्या पैशाने कधीच घ्यायच्या नाहीत, पण त्यावर नंतर येते कारण तो माझा भांडणाचा विषय आहे आणि एकदा सुरू झाले की बाकीचं राहून जाईल.

हे लिहायचं कारण म्हणजे माझी भाची पल्लवी. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून लातूरहून पुण्यात आली, एका खासगी हॉस्पिटलात लागली, आणि जॉइन व्हायच्या आधी तिने मला एक रील पाठवलं, "आत्या, यातलं काय काय घेऊ गं?" रीलमधली बाई बाहेरच्या देशातली, तिच्या टेबलावर वीस-बावीस वस्तू मांडलेल्या. बॅजला लावायचं फिरकीचं खेळणं, मांजराच्या चेहऱ्याचं स्टेथोचं कव्हर, कमरेला बांधायची कप्प्यांची पिशवी, सहा रंगांचे हायलायटर, "नर्स लाइफ" लिहिलेला एवढा मोठा थर्मास. सगळं गुलाबी. मी तिला म्हटलं, हे बघून घे, मजा येते, मीपण बघते, पण खरेदीला माझ्याबरोबर चल.

पैशाचा विषय आधीच उरकते कारण तो सोडून बाकी बोलण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राने एक समिती नेमली होती, तिने शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सचा पगार २०,००० रुपयांच्या खाली नसावा. शिफारस ती शिफारसच. आता पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहायचं, मेस लावायची, गावाकडे थोडे पाठवायचे, आणि उरलेल्यात खरेदी. त्यामुळे "क्वालिटीत कॉम्प्रोमाइज करू नका" हे वाक्य मला ऐकवत नाही, कॉम्प्रोमाइज करावंच लागतं, प्रश्न फक्त कशात करायचं हा आहे. माझा हिशोब असा की जे दिवसभर आपल्या अंगाला लागून राहणार आहे, पाय, पोटऱ्या, कान, कातडी, तिथे हात आखडायचा नाही. जे पेशंटच्या रक्तापासून, थुंकीपासून आपल्याला वाचवणार ते हॉस्पिटलने द्यायचं. राहिलेलं सगळं तुळशीबागेतून आणलं तरी चालतं.

तर बूट.

वॉर्डमध्ये बसायला खुर्ची असते, पण बसायला मिळतं ते नोट्स लिहिताना आणि तेव्हासुद्धा आठ नंबरची बेल वाजते. फरशी कडक, वर सतत पुसलेली, म्हणजे ओली. मावशींनी पोछा मारला की "जपून सिस्टर" असं ओरडतात पण क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीची ट्रॉली घेऊन पळताना कोण जपतंय. त्यामुळे बुटाची पहिली परीक्षा ओल्या फरशीवर. दुकानदाराला सांगायचं, जरा पाणी शिंपडा, मी चालून बघते. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात मी हे सांगितलं तर काका म्हणाले, "ताई, बूट घ्यायचाय का फरशी?" पण शिंपडलं बिचाऱ्यांनी. सोलला बारीक खाचा हव्यात, सपाट गुळगुळीत सोल दिसायला कितीही छान असो, तो नको.

दुसरं म्हणजे पुढून पूर्ण बंद आणि वरून पुसता येईल असा. ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी कमी. भोकाभोकांचे रबरी क्लॉग हलके असतात, पायाला मऊ लागतात, सगळ्या मुलींना तेच हवे असतात, पण हातातली सुई निसटली तर ती सरळ खाली जाते आणि खाली तुमचा पाय असतो. सक्शनचा जार लवंडला, युरोबॅगचा, म्हणजे लघवीच्या पिशवीचा नळ नीट बंद झाला नव्हता, तर भोकांतून मोजा भिजतो आणि तो मोजा घालून उरलेली ड्युटी. तेच क्लॉग बिनभोकाचे मिळतात, मागे पट्टी असलेले, ते घ्या. जाळीचे स्पोर्ट्स शूज पण त्याच कारणासाठी नकोत, जिममध्ये घामाला हवा लागावी म्हणून जाळी असते, आपल्याकडे तिच्यातून हवा कमी आणि बेटाडीन जास्त जातं. आणि जुने पांढरे कॅनव्हास, जे आमच्या ट्रेनिंगमध्ये कंपल्सरी होते, ते टीपकागद आहेत, जे सांडेल ते पितात.

बूट घ्यायला संध्याकाळी जायचं, शक्यतो ड्युटी करूनच, कारण तेव्हा पाय सुजलेले असतात आणि खरा साइज तोच. रविवारी सकाळी आंघोळ करून ताज्या पायांनी घेतलेला बूट बुधवारी दुपारी चावतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी. बूट हातात धरून वाकवायचा, चवड्याजवळ वाकला तर ठीक, मधोमध घडी पडली तर परत ठेवायचा. ड्युटीवर जे मोजे घालतो तेच घरून न्यायचे. आणि नवा बूट थेट बारा तासांच्या नाइटला नाही घालायचा. पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा मेडिकल कॅम्पला आम्ही असतो, वारकऱ्यांच्या पायाचे फोड बघायला. एका आजींना विचारलं, "आजी, तुमच्या पायाला काहीच कसं नाही?" तर त्यांनी फाटक्या चपलेकडे बोट दाखवलं, म्हणाल्या, "नवी चप्पल घालून पंढरीला कोण निघतंय बाई, ही चैत्रापास्नं घालतेय." आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणारी बाई हे सांगते म्हटल्यावर मी तरी ऐकते.

परवडत असेल तर दोन जोड घ्या, मध्यम किमतीचे दोन हे एका भारीपेक्षा बरे. आत साचलेली ओल सुकायला वेळ लागतो आणि पुण्यात जुलैमध्ये तर काहीच सुकत नाही, बूट नाही, युनिफॉर्म नाही, टॉवेल नाही. आलटून पालटून घातले की दोन्ही जास्त टिकतात. बूट संपला हे कसं कळतं, तर टेबलावर ठेवून मागून बघायचं, टाच एका बाजूला कलली असेल तर वरून कितीही नवा दिसला तरी तो गेला. गुडघा आणि कंबर तुम्हाला हे आधीच सांगत असतात, आपण त्यांना "वय झालं" म्हणून गप्प करतो.

यावरून आठवलं, अनंत चतुर्दशीला पेठांमधले रस्ते बंद असतात, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि ज्यांची ड्युटी मध्यवस्तीत आहे त्या सगळ्या गाडी कुठेतरी लांब लावून ढोल-ताशांमधून चालत येतात. त्या दिवशी आयकार्ड बाहेर लावा, बॅरिकेडवरचे पोलीस ते बघून सोडतात. बाकी दिवस मात्र आयकार्डाची दोरी गळ्यात असेल तर ती ओढल्यावर सुटणारी असावी. शुद्धीत नसलेला पेशंट जे हाताला लागेल ते धरतो, दोरी, स्टेथो, वेणी, मंगळसूत्र, आणि त्याची पकड कसली असते हे ज्याने सोडवलीय त्यालाच माहिती. क्लिपवालं कार्ड सगळ्यात बरं.

आता स्टॉकिंग. हा विषय निघाला की पंचविशीतल्या मुली हसतात, आणि पस्तिशीतल्या विचारतात कुठे मिळतात. तासन्‌तास उभं राहिलं की पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, चाललं की ते दाबले जातात आणि रक्त वर ढकललं जातं, नुसतं उभं राहिलं की ते काम थांबतं, शिरांमधल्या झडपांवर ताण येतो आणि हळूहळू शिरा फुगून निळ्या दोऱ्यांसारख्या दिसायला लागतात. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर्सना हे जास्त कारण तिथे चालणं कमी आणि उभं राहणं जास्त. कॉम्प्रेशन स्टॉकिंग घोट्याशी जास्त घट्ट आणि वर जाताना सैल होत जातं, त्याने हा ताण कमी होतो. रोजच्या वापराला १५ ते २० मिलिमीटर मर्क्युरी दाबाचे पुरतात, त्याच्या वरचे डॉक्टरला विचारून. ज्यांना डायबेटिस आहे किंवा पायाच्या धमन्यांचा त्रास आहे त्यांनी तर साधे पण विचारूनच.

आणि एक, स्टोअरमधले पांढरे डीव्हीटी स्टॉकिंग, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पेशंटला घालतात ते, उचलून घालू नका. बऱ्याच जणी घालतात, फुकट मिळतात म्हणून. ते झोपून असलेल्या पेशंटसाठी बनवलेले असतात, उभ्या माणसासाठी त्यांचा दाब ठरवलेला नसतो. आपले वेगळे घ्यायचे, सदाशिव पेठेत औषधांच्या होलसेल दुकानांच्या आसपास सर्जिकलवाले आहेत तिथे, आणि माप सकाळी घ्यायचं, घोट्याचं आणि पोटरीचं दोन्ही, नुसतं "मीडियम द्या" असं सांगून घेतलेलं स्टॉकिंग कपाटात पडून राहतं. बुटाला संध्याकाळ, स्टॉकिंगला सकाळ, पल्लवी म्हणाली आत्या तू ज्योतिषी आहेस का. असो. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या उन्हात हे घालणं म्हणजे शिक्षा आहे हेही सांगून ठेवते, पायाला घाम येतो, खाज सुटते. तेव्हा एसी आयसीयूत असाल तर घाला, जनरल वॉर्डात असाल तर निदान दर थोड्या वेळाने औषधाच्या ट्रॉलीला धरून टाचा वर-खाली करा. फुकट आहे.

युनिफॉर्मचं फार सांगत नाही कारण बहुतेक ठिकाणी रंग आणि कापड हॉस्पिटल ठरवतं. पण कापड देऊन शिवून घ्या असं सांगितलं असेल तर टेलरला दोन गोष्टी बजावून सांगा, खिसे खोल ठेवा आणि काखेत ढिलं ठेवा, कारण सलाइन लावायला हात वर गेला की टॉप वर चढतो. खिसे वरच्या बाजूला उथळ असले की वाकलं की पेन पेशंटच्या अंगावर. पूर्ण कॉटन उन्हाळ्यात बरं वाटतं पण चुरगळतं आणि पावसात वाळत नाही, मिक्स कापड वाळतं पण गरम होतं, मी मिक्स घेते कारण मला इस्त्रीचा कंटाळा आहे. डागांचं मात्र ऐका. रक्ताला थंड पाणी, गरम पाण्यात टाकलंत की तो डाग पक्का बसला. बेटाडीनच्या पिवळ्या डागाला साधी व्हिटॅमिन सीची गोळी चुरून पाण्यात कालवून लावायची, आयोडीनचा रंग डोळ्यांदेखत जातो. पल्लवीला हे करून दाखवलं तर तिला स्टेथोपेक्षा जास्त आनंद झाला. आणि ड्युटीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकायचे नाहीत, कॉटमेट कितीही जिवलग असली तरी.

घड्याळ. ब्रिटनमध्ये २००७ पासून कोपराच्या खाली काही नको असा नियम आहे, बाह्या वर, घड्याळ नाही, अंगठी असलीच तर साधी वळ्याची. कारण सरळ आहे, मनगटावर पट्टा असला की हात धुताना पाणी तिथपर्यंत जातच नाही. आपल्याकडेही इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर हेच सांगतात. मग छातीला पिन करायचं उलटं लटकणारं घड्याळ येतं, जे आपण वर उचलून बघितलं की सरळ दिसतं. स्मार्ट वॉच कितीही भारी असू दे, आपल्याला हवा असतो सेकंदकाटा. श्वास मोजायला पूर्ण ६० सेकंद लागतात, पंधरा सेकंद मोजून गुणिले चार करणारे मी बघितलेत, लहान बाळाच्या बाबतीत हे अजिबात नाही चालत कारण बाळाचा श्वास थांबत थांबत, मधेच भरभर असा चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याला ५०, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४०, हे डब्ल्यूएचओचे आकडे आहेत, श्वास तिथे पोहोचला की डॉक्टरला बोलवायचं. यासाठी घड्याळ. स्टाइलसाठी घ्यायचं असेल तर लग्नात घालायला घ्या.

बांगड्या आणि मंगळसूत्राचं बोलायला अवघड वाटतं पण बोलते. नवीन लग्न झालेली मुलगी हिरवा चुडा घालून वॉर्डात येते, सासूबाईंनी सांगितलेलं असतं काढायचा नाही, आणि इनचार्ज सिस्टर म्हणतात काढ. मधे ती सँडविच. आमच्या एका सिस्टरने यावर काढलेला उपाय मला फार आवडला, तिने सासूबाईंना एक दिवस हॉस्पिटलात आणून हात कसे धुतो ते दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं मग डब्यात काढून ठेव की, घरी आलीस की घाल." मंगळसूत्र आतून पिन करायचं, झालं.

क्रीम. दिवसभर हँडरब आणि साबण, हाताची सालं निघतात, थंडीत तर भेगा पडून त्यात स्पिरिट गेलं की ब्रह्मांड आठवतं. भेगाळलेला हात हे इन्फेक्शनला उघडं दार आहे म्हणून हा खर्च मी चैनीत धरत नाही. हात नुसते घामट असतील, दिसायला स्वच्छ असतील तर साबणापेक्षा हँडरब बरा, डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात ८० टक्के इथेनॉलबरोबर थोडं ग्लिसरॉल असतं ते कातडीसाठीच. ड्युटीवर पाण्यासारखी हलकी क्रीम लावा, तेलकट नको, व्हॅसलिन किंवा खोबरेल लावून वर लॅटेक्सचा ग्लोव्ह घातला तर तो कमजोर होतो. व्हॅसलिन रात्री घरी, वर जुने मोजे हाताला घालून झोपायचं. नवरा हसतो, हसू दे.

पेन, टॉर्च, कात्री, मायक्रोपोर. पेन स्वस्तातले घ्या कारण राउंडला डॉक्टर घेऊन जाणार, हे भारतीय आरोग्यव्यवस्थेचं मूलभूत सत्य आहे. लाल एक लपवून ठेवा, आमच्याकडे नाइटच्या नोट्स लाल शाईने असतात. टॉर्च बारीक, पिवळसर उजेडाची, बाहुल्या बघायला मोबाइलचा फ्लॅश डोळ्यात मारू नका, पेशंट शुद्धीत असेल तर शिव्या देतो आणि नसेल तर नातेवाईक देतात. कात्री पुढून बोथट टोकाची, वाकडी, बँडेज कापायची असते ती, टोकदार कात्री खिशात ठेवून वाकलात तर आधी स्वतःच्या पोटात जाते. ती दर पेशंटनंतर पुसायची. यात कुठेही ब्रँड बघायची गरज नाही. कमरेचा पट्टा मात्र नको. पेशंट उचलताना कंबर जाईल या भीतीने बऱ्याच जणी पट्टा बांधतात, पण निरोगी कंबरेला तो वाचवतो असा पुरावा नाही, अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेनेच तसं स्पष्ट म्हटलंय. उलट पट्टा आहे म्हणून आपण एकटीने उचलायला जातो. वॉर्डबॉय मामांना हाक मारा, बेड आपल्या कमरेच्या उंचीवर आणा, खाली चादर घालून दोघांनी सरकवा.

आणि आता स्टेथो, घ्या.

१८१६ मध्ये पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने एका तरुण बाईच्या छातीला कान लावायला संकोच वाटला म्हणून कागदाची सुरळी केली, तिथून हे सुरू झालं. दोन कानांचा १८५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कॅमनने केला. आणि ज्याच्या नावाने आपण सगळे आज वेडे असतो ते डॉक्टर लिटमन हे गेल्या शतकातले, त्यांची कंपनी थ्रीएमने १९६७ मध्ये घेतली. वस्तू सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण जनरल वॉर्डात नर्स स्टेथो कशाला वापरते, बहुतेक वेळा बीपी, मग एअर एन्ट्री, म्हणजे फुफ्फुसात हवा नीट जातेय का ते, आणि पोटाचे आवाज. यासाठी चांगल्या भारतीय कंपनीचा दोन बाजूंचा स्टेथो पुरतो. आयसीयू, कार्डियाक, लहान मुलांचा वॉर्ड, तिथे भारी स्टेथोचा फरक खरंच ऐकू येतो, तिथे पोस्टिंग पक्कं झालं की घ्या.

बीपी चुकतं ते स्टेथोमुळे फार कमी, कफमुळे, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यामुळे जास्त. कफच्या आतला फुगा दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद हवा. जाड दंडाला लहान कफ गुंडाळला की बीपी जास्त दाखवतो, आणि मग त्या माणसाला उगाच गोळी सुरू होते. त्यामुळे हजारो रुपयांचा स्टेथो गळ्यात घालून वॉर्डातला एकुलता एक, वेल्क्रो गेलेला कफ सगळ्यांना लावण्यात काय मतलब आहे मला सांगा. मोठा कफ मागा, हॉस्पिटलकडून.

घेतलाच भारी तर अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, ऑनलाइन अर्ध्या किमतीला दिसतो तो बहुतेक वेळा नकली असतो, चेस्टपीसवरचा सिरीयल नंबर तपासा. कानातले बोंडे मऊ हवेत आणि घालताना पुढे, नाकाच्या दिशेने. नाव कोरून घ्या, नुसता स्टिकर लावलात तर स्टिकर तुमच्याकडे राहतो. गळ्यात सतत लटकवू नका, मानेच्या तेलाने नळी कडक होते. आणि प्रत्येक पेशंटनंतर ७० टक्के अल्कोहोलच्या स्वॅबने पुसा, हात धुतो आणि स्टेथो तसाच एका छातीवरून दुसऱ्या छातीवर, हे आपण सगळीकडे बघतो.

आता भांडण.

९ मार्च २०२० ला पुण्यात महाराष्ट्रातले पहिले कोरोना पेशंट सापडले, नायडू हॉस्पिटलला ॲडमिट झाले. त्यानंतरचे काही आठवडे मास्क, गाऊन, गॉगल कशाचाच पत्ता नव्हता, माझ्या ओळखीतल्या काही जणींनी, हॉस्पिटलचं नाव घेत नाही, रेनकोट घालून ड्युट्या केल्या. तेव्हा जगातच नव्हतं, समजू शकते. पण त्या काळात एक सवय लागली ती गेली नाही, आपल्या पैशाने मास्कची पाकिटं, ग्लोव्हजचे डबे घ्यायची. पल्लवीच्या यादीत पण होतं, "नायट्राइल ग्लोव्हज एक बॉक्स, एन-९५ दहा." मी दोन्ही खोडलं. ती म्हणाली, "अगं पण आत्या, तिथल्या सिस्टर म्हणाल्या की स्टॉकमध्ये कधीकधी नसतं." नसतंच. कारण तुम्ही स्वतःचे आणता. तुम्ही आणलेत की इंडेंट, म्हणजे स्टोअरला मागणीचा कागद जात नाही, इंडेंट गेला नाही की वर कागदावर सगळं पुरेसं आहे, आणि पुढच्या महिन्याला तेवढंच येतं.

बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम आपण सगळ्या पिवळी आणि लाल पिशवी, निळा डबा आणि सुयांचा पांढरा डबा एवढ्यापुरतेच पाठ करतो, ऑडिटला विचारतात म्हणून. त्याच नियमांत हॉस्पिटल चालवणाऱ्याची कर्तव्यं पण लिहिलेली आहेत: कर्मचाऱ्यांना पुरेशी संरक्षक साधनं द्यायची, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, ट्रेनिंग द्यायचं, कामावर घेताना आणि मग वर्षातून एकदा तरी तपासणी करायची. हे भांडताना तोंडी सांगायचं नाही. रजिस्टरमध्ये लिहायचं, अमुक तारखेला ग्लोव्हज उपलब्ध नव्हते, खाली सही आणि वेळ. लिहिलेलं दिसलं की स्टोअरमध्ये माल कसा येतो बघा. नवीन मुलीने एकटीने लिहायची भीती वाटते, मान्य, मग शिफ्टमधल्या तिघींनी लिहा.

१२ मेला नर्सेस डे असतो, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १८२० मधला, दरवर्षी कुठे गुलाब मिळतो, कुठे कॉफीचा मग, कुठे "सुपरहिरो" छापलेला टी-शर्ट. माझ्या कपाटात मगांची रांग आहे. त्या पैशात प्रत्येकीला एक जोड स्टॉकिंग आलं असतं असं मी एकदा मीटिंगमध्ये बोलले, सगळे हसले, एचआरवाले पण हसले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मग. निदान मोठा होता.

पल्लवीची खरेदी शेवटी अशी झाली: बुटाचा एक जोड लक्ष्मी रोडला, दुसरा पुढच्या पगाराला, स्टॉकिंग, लटकतं घड्याळ, कात्री, हलकी क्रीम, तुळशीबागेतून आंबाड्याच्या जाळ्या आणि सेफ्टी पिनांचं पाकीट, आणि मांजराचं स्टेथो कव्हर, जे तिने मी पैसे देत असताना गुपचूप टोपलीत टाकलं. स्टेथो नाही म्हटल्यावर आधी कव्हर. बरं.

घरी येताना गाडीवर मागून विचारलं, "आत्या, अजून काही राहिलं का?" मी विचारलं हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का. म्हणाली कॉलेजात झाले, शून्य, एक आणि सहा महिने. टायटर केलंस? ते काय असतं. तर ते असं असतं की लस घेतली म्हणजे अँटिबॉडी तयार झाल्याच असं नाही, तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासायचं असतं आणि आकडा १० किंवा वर हवा. लस न लागलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण व्हायची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते, हिपॅटायटिस सीची दोन टक्क्यांच्या आत, एचआयव्हीची ०.३ टक्के. म्हणजे आपण ज्याला सगळ्यात जास्त घाबरतो तो सगळ्यात कमी, आणि ज्याच्यावर लस आहे तोच सगळ्यात जास्त. टोचलीच तर दाबून पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि त्याच वेळी इनचार्जला सांगायचं, ड्युटी संपल्यावर नाही, कारण एचआयव्हीची औषधं जितक्या लवकर तितकी बरी आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही. तिला म्हटलं उद्या जॉइनिंगला गेलीस की मेडिकलच्या फॉर्ममध्ये टायटरचं लिहून माग, आणि रिपोर्ट आला की फोटो काढून मला पण पाठव. म्हणाली, "आणि त्यांनी सांगितलं बाहेरून करून आण, तर?"

"तर बिल लाव त्यांना."